खाते सगळं, पण अंगाला लागत नाही

आमच्या घरी हे वाक्य जवळपास सहा महिने चाललं. बोलणारी माझी आई, म्हणजे छोटीची आजी, आणि ऐकणारे आम्ही सगळे मान डोलावणारे. इंदूरला लोकमान्य नगरात घर, दोन कमावते, फ्रिज भरलेला, रोज दारात दूध, आजी-आजोबा दोघं घरी, त्यामुळे 'कुपोषण' हा शब्द आपल्या घरात येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तो शब्द आपला पेपरात झाबुआ-अलीराजपूर या आदिवासी जिल्ह्यांच्या बातमीत वाचायचा. मग चौदाव्या महिन्यात ताप आला म्हणून एका नवीन बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, त्यांनी लसीकरणाचं कार्ड मागितलं, मागच्या पानावरचा वजनाचा तक्ता उघडला, त्यात एकही ठिपका नव्हता. वजनं लिहिलेली होती, पण लसीच्या रकान्यांशेजारी पेनने कशीतरी खरडलेली. त्यांनी ती शोधून शोधून तक्त्यावर मांडली: सहाव्या महिन्यात ७.१ किलो, नवव्यात ७.४, वर्षाची झाली तेव्हा ७.५, आणि त्या दिवशी ७.४. रेघ आधी छान चढणारी आणि मग एकदम सपाट, आमच्या इंदूरच्या एबी रोडसारखी.

तेव्हापासून मी या विषयात जरा जास्तच घुसले. मी डॉक्टर नाही, आत्या आहे. पण जे वाचलं, विचारलं आणि घरात बघितलं ते सांगते, कारण आपल्या ओळखीतल्या किती घरांत हेच वाक्य चालू असतं ते आता मला ऐकू येतं.

पहिली गोष्ट म्हणजे कुपोषण डोळ्याला दिसतंच असं नाही. आपण गालांकडे बघतो, बाळसं आहे का बघतो, आणि ठरवतो. पण मोजायच्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वयाच्या मानाने उंची कमी, म्हणजे मूल बरेच महिने कमी पडत आलंय. उंचीच्या मानाने वजन कमी, म्हणजे अलीकडेच काहीतरी बिघडलंय आणि हे जास्त धोक्याचं. आणि वयाच्या मानाने वजन कमी, यात वरचं दोन्ही मिसळलेलं असतं. ठेंगणं मूल एकटं बघितलं तर अगदी व्यवस्थित दिसतं हो, फक्त ते तीन वर्षांचं असतं आणि आपण त्याला दोनचं समजतो. आणि सगळ्यात फसवा प्रकार सूजेचा. काही कुपोषित मुलांच्या पायांवर, तोंडावर पाणी साठतं आणि ती चक्क गुटगुटीत दिसतात. दोन्ही पावलांवर अंगठ्याने जरा वेळ दाबून ठेवलं आणि खळगा तसाच राहिला तर ते बाळसं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं ठेंगणी निघाली, मध्य प्रदेशात ३५.७. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली आपल्या मध्य प्रदेशात १८.९ टक्के. त्याआधीच्या सर्वेक्षणात राज्याचे हेच आकडे ४२ आणि २५.८ होते, म्हणजे कमी झालेत, ते मान्यच करायला हवं. पण मला थांबवलं ते दुसऱ्याच आकड्याने. देशातल्या सगळ्यात श्रीमंत पाचव्या हिश्श्यातल्या घरांतसुद्धा साधारण २३ टक्के मुलं ठेंगणी. गरीब हिश्श्यात ४६. म्हणजे गरिबी दुप्पट धोका वाढवते हे खरंच, पण पैसा आला की प्रश्न संपला असंही नाही. मग श्रीमंतांच्या घरात काय चुकतं?

सुरुवात मूल जन्मायच्या आधी होते. गर्भारपणाचे २७० दिवस आणि पुढची दोन वर्षं मिळून हजार दिवस, यातच उंचीचं आणि मेंदूचं बरंचसं काम उरकतं. आई स्वतः अठरा-एकोणीसची असेल तर तिचंच शरीर अजून वाढतंय, त्यात पोटातलं बाळ वाटेकरी. आई अशक्त, रक्त कमी (देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आहे, हे त्याच सर्वेक्षणातलं), दोन बाळंतपणांत अंतर कमी, तर बाळ अडीच किलोच्या खाली जन्मायची शक्यता वाढते, आणि जे मूल मागे राहून सुरुवात करतं त्याला पुढचं प्रत्येक आजारपण जास्त महाग पडतं. बाळ जन्मताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं, तो साधारण सहा महिने पुरतो. नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबलं तर त्या साठ्यात चांगली भर पडते, फुकटची गोष्ट आहे, पण किती जणांना माहीत असतं! आमच्याकडे डोहाळजेवणाला पाच प्रकारची पक्वान्नं झाली, लोहाच्या गोळ्या मात्र वहिनीने मळमळतं म्हणून तिसऱ्या आठवड्यात बंद केल्या, आणि कुणी विचारलंही नाही.

पहिल्या सहा महिन्यांचं सगळ्यांना पाठ आहे, फक्त आईचं दूध. पाठ आहे, पण होत नाही. जन्मल्या जन्मल्या मध चाटवणं, मग बाळगुटी, उन्हाळा आहे म्हणून चमचाभर पाणी, रडतंय म्हणजे दूध पुरत नाही म्हणून वरचं दूध. प्रत्येक गोष्ट प्रेमानेच होते. पण उगाळायची सहाण, चमचा, पाणी, यातून जंतू जातात, आणि जेवढं वरचं पोटात जातं तेवढं बाळ आईला कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूध खरंच कमी होतं. मध तर वर्षाच्या आत नकोच, त्यातल्या जंतूंमुळे क्वचित का होईना पण गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि ते पहिलं पिवळसर चिकट दूध, ते पिळून टाकायचं नसतं, ते बाळाचं पहिलं लसीकरणच समजा.

आता खरी गडबड. उष्टावण. आमच्याकडे चांदीच्या वाटीत खीर, सोन्याच्या अंगठीने चाटवली, फोटो, पन्नास माणसं. दुसऱ्या दिवसापासून छोटीला काय? वरणाचं पाणी. आई सांगायची, "जड पडेल, पचायला हवं ना." कुकर उघडला की डाळ घोटायच्या आधी वरचं पिवळं पाणी वाटीत काढायचं, चिमूटभर मीठ, चमचा-चमचा भरवायचं. वाटीभर गेलं की घरभर आनंद. त्या डॉक्टरांनी आईला काहीही न बोलता एवढंच सांगितलं की आजी, ते पाणी उद्या काचेच्या ग्लासात ओता आणि अर्धा तास ठेवा. आम्ही ठेवलं. तळाशी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी डाळ बसली, बाकी ग्लासभर हळदीचं पाणी. आई बराच वेळ ग्लास हलवत होती, जणू काही तळचं वर येईल आणि तिचं म्हणणं खरं ठरेल.

हिशोब साधा आहे. बाळाच्या पोटात एका वेळी मावतं किती, तर दर किलो वजनामागे साधारण ३० मिली. म्हणजे सव्वासात किलोच्या मुलीच्या पोटात जेमतेम एक मोठी वाटी. ती वाटी पाण्याने भरली तर पोट भरलं, बाळ तोंड फिरवतं, आपण म्हणतो पोटभर जेवली. पण ताकद गेली किती? नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरून रोज साधारण ३०० कॅलरी लागतात, वर्षानंतर ५५०. आता घट्ट घोटलेलं वरण, मऊ भात आणि वर एक छोटा चमचा तूप घ्या. त्या एका चमच्या तुपाच्याच ४५ कॅलरी होतात. वाटी तेवढीच, पोट तेवढंच, फक्त आत काय भरलं ते वेगळं. म्हणून खूण अशी सांगतात की चमचा तिरका केला तर घास ओघळून जाऊ नये, चमच्यावर बसून राहावा. आमच्याकडे ही चमच्याची परीक्षा अजून चालते, आता तर आजोबापण घेतात.

दुसरी गोष्ट बाटली. वहिनीची रजा २६ आठवड्यांची. कायद्याने २०१७ पासून एवढी मिळते, चांगलंच आहे, पण जरा कॅलेंडर बघा, बरोब्बर ज्या आठवड्यात वरचं खाणं सुरू करायचं, तेव्हाच आई ऑफिसला. म्हणजे सगळ्यात नाजूक, चिकाटीचं, दिवसातून चार-पाच वेळा मांडी घालून बसायचं काम अशा माणसांकडे जातं ज्यांचे गुडघे दुखतात. मग बाटली सोपी. आणि बाटलीतलं दूध "जड" म्हणून निम्मं पाणी. दिवसातून पाच बाटल्या. भूक मरते पण ताकद निम्मीच, आणि जेवायच्या वेळी छोटी ओठ घट्ट मिटून बसायची. वर दुधात लोह जवळजवळ नसतंच, म्हणून दुधावर वाढणाऱ्या मुलांचं रक्त कमी होतं. छोटीचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. दूध वाईट असं नाही म्हणत मी, पण वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध हा मुख्य आहार नको, आणि वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं की ते जेवणाची जागा खातं. त्यात संध्याकाळी आजोबांच्या कपातली चहात बुडवलेली बिस्किटं. मैदा आणि साखर, शिवाय चहा जेवणातलं लोह अंगात नीट शिरू देत नाही. आजोबांना हे सांगायची हिंमत घरात कुणाचीच नव्हती, शेवटी माझ्यावर आलं.

गंमत म्हणजे मधल्या काळात आम्ही गप्प बसलो नव्हतो. आधीच्या एका दवाखान्यात भूक वाढवायचं टॉनिक लिहून दिलं, दोन बाटल्या संपवल्या. तिथे कुणीही विचारलं नाही की काल सकाळपासून रात्रीपर्यंत हिने नेमकं काय काय खाल्लं. हा एक प्रश्न विचारला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. शिवाय दोनदा दृष्ट काढून झाली होती, मीठ-मोहरी, ती मात्र फुकट.

देशात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि पुरेशा प्रकारचा आहार मिळणारी किती असतील? ११.३ टक्के. शंभरातली अकरा. हे फक्त घरात धान्य नाही म्हणून होत नाही. घरात असतं ते बाळाच्या ताटापर्यंत येत नाही. मुलाला तिखट लागेल, अंडं उष्ण पडेल, दही थंड पडेल, दाणे बाधतील. अख्खे दाणे खरंच देऊ नका, घशात अडकतात, पण दाण्याचं कूट खिचडीत घालायला काय हरकत आहे? आपल्याच डब्यात असतं की.

आता आजारपण, कारण खाणं हा अर्धाच भाग. छोटीला जुलैमध्ये जुलाब झाले, मग सप्टेंबरात परत. शेजारच्या काकूंपासून सगळ्यांचं एकच निदान, "दात येतायत." दात येताना हिरड्या सळसळतात, मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि त्या वस्तूंवरचे जंतू जुलाब आणतात. दात नाही, जमीन. आणि जुलाब सुरू झाले की आपण काय करतो, खाणं बंद. पेजेचं पाणी आणि ग्लुकोज. म्हणजे शरीरातून जाणं वाढलं, येणं थांबवलं, वर ताप ताकद जाळतोय. आठवड्यात पाव-अर्धा किलो सहज उतरतं आणि ते भरून यायला महिना-दोन महिने लागतात, तोवर पुढचं आजारपण दारात. अशक्त मूल लवकर आजारी पडतं, आजारी मूल जास्त अशक्त होतं, हे चक्र एकदा फिरायला लागलं की कुठून सुरू झालं ते सांगणं मुश्किल. जगभरात पाच वर्षांच्या आतल्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्यांमागे कुपोषणाचा हात असतो तो असाच. कागदावर जुलाब किंवा न्यूमोनिया लिहिलेलं असतं. म्हणून ओआरएस, सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण, आणि आईचं दूध व खाणं चालूच. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं.

आणि एक प्रकार तर असा की जुलाब दिसतही नाहीत. सतत थोडे थोडे घाण जंतू पोटात जात राहिले की आतड्याच्या आतला मखमलीसारखा थर झिजतो, खाल्लेलं नीट शोषलं जात नाही. 'अंगाला लागत नाही' हे आईचं वाक्य इथे अगदी शब्दशः खरं आहे. शहर स्वच्छतेत २०१७ पासून नंबर लावतंय याचा मला अभिमान आहे, पण नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते हौदात, हौदातून टाकीत, टाकीतून माठात, माठात बुडवलेला हात आणि बाटलीच्या बुचाच्या खाचेतलं कालचं दूध. रस्ता चकाचक असून उपयोग नाही, बुचाची खाच बघायला हवी. आमची बाटली गेली, वाटी-चमचा आला.

हे सगळं आमच्याकडे सुधारलं, कारण सुधारायला माणसं होती, पैसे होते, वेळ होता. याच काळात आमच्या शेजारच्या प्लॉटवर तीन मजली बांधकाम चालू होतं. तिथे अलीराजपूरकडचं एक जोडपं पत्र्याच्या खोलीत राहायचं. आई वीस वर्षांची असेल नसेल, मोठी मुलगी तीनची आणि धाकटा दीडचा, त्याला दिवसभर तीच सांभाळायची, तीन वर्षांची. आई सकाळी भाकऱ्या थापून ठेवायची, धाकट्याच्या हातात एक तुकडा. तिला माहीत नव्हतं असं नाही हो, तिला सगळं कळत होतं, पण घमेली उचलताना दर दोन तासांनी मांडी घालून कोण बसणार? २६ आठवड्यांची रजा तिला कोण देणार? डाळ गावाकडून आणलेली, संपली की मीठ-मिरची. आम्ही जे अज्ञानाने केलं ते तिच्याकडे नाइलाजाने होत होतं, आणि पोटात जाऊन परिणाम एकच.

एके दिवशी आंगनवाडीवाल्या दीदी आल्या, माझ्याच सांगण्यावरून, आणि त्यांनी पट्टी काढली. शिंप्याच्या टेपसारखीच पण तीन रंगांची, डाव्या दंडाच्या मधोमध गुंडाळायची, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. साडेबारा सेंटीमीटरच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. माझ्या हातात धाकट्याचा दंड धरलेला होता, माझा अंगठा आणि तर्जनी सहज जुळली. ११.२. पोरगं रडतही नव्हतं, आणि दीदी म्हणाल्या तेच वाईट.

लाल आलं तर पोषण पुनर्वास केंद्र. आपल्या राज्यात जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यांत आणि बऱ्याच ब्लॉकमध्ये ही आहेत, आईसकट साधारण १४ दिवस ठेवतात, आईला बुडालेल्या मजुरीचे थोडे पैसेही देतात. तिथे आधी भूक आहे का तपासतात. आणि एकदम तूप-रोटी सुरू करत नाहीत, कारण फार खंगलेल्या शरीराला अचानक भरपूर खाणं झेपत नाही, जिवावरही बेतू शकतं. आधी हलकं औषधी दूध, १०० मिलीत ७५ कॅलरीचं, मग सुधारलं की १०० कॅलरीचं. हे सांगते अशासाठी की असं मूल दिसलं की आपण प्रेमाने केळी आणि श्रीखंड घेऊन धावतो, त्यापेक्षा आधी त्याला तिथे पोचवा.

ती गेली नाही. चौदा दिवस ती तिकडे, मोठीला कोण बघणार, आणि ठेकेदार दुसरी जोडी ठेवेल. नवरा म्हणाला काम संपल्यावर बघू. दीदी तीनदा आल्या, रागावल्या, समजावलं, आंगनवाडीतून घरी न्यायचा आहार देऊन गेल्या, तो घरातल्या सगळ्यांत वाटून संपला. मला आधी त्या नवऱ्याचा राग आला होता. मग मी त्याच्या जागी हिशोब मांडून बघितला आणि राग कुठे ठेवायचा तेच कळेना.

छोटीच्या तक्त्यावर पंधराव्या महिन्यात ७.७ आहे, सतराव्यात ८.३. लोहाचं औषध चालू आहे, वरण घट्ट आहे, आजोबांचा चहा आता आजोबाच पितात. आई अजून म्हणते की पूर्वी आम्ही तुम्हाला वरणाच्या पाण्यावरच वाढवलं, मी पण म्हणते हो, आणि माझी उंची चार फूट दहा इंच आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी शेजारच्या बांधकामाचा स्लॅब टाकून झाला आणि भगोरियाच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी जत्रेच्या, आधी ती सगळी मंडळी गावाला निघून गेली. पत्र्याची खोली झाडताना चौकीदाराला धाकट्याचं कार्ड सापडलं, ते त्याने मला आणून दिलं. तक्त्यावर एकच ठिपका आहे, दीदींनी निळ्या पेनने काढलेला.